नवऱ्याला काय द्यावं : शोभेची समई की शुक्रवारचा पेला?

या वेळी तिन्ही पत्रं एकाच विषयावरची, ज्यू घरात भेट काय द्यावी याबद्दलची, निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्या पत्रात विचारण्यासारखं आणि सांगण्यासारखं दोन्ही पुष्कळ आहे.

प्रश्न : मावशी, तुमचं सदर नेहमी वाचते म्हणून धीर करून लिहिते. मला तूच म्हणा. माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं. घरी गणपती बसतो, महालक्ष्म्या बसतात. नवरा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. कुटुंब मूळचं अलिबागकडचं, पण सासरे रेल्वेत होते म्हणून तो अजनीलाच वाढला. दोन महिन्यांनी त्याला पन्नास पूर्ण होतील. त्याच्या धर्मातली एखादी सुंदर वस्तू त्याला द्यावी असं फार मनात आहे. फोनवर शोधायला गेले तर डोळेच दिपले. सात फांद्यांची पितळी समई, मुलामा दिलेला पेला आणि तबकाचा सेट, दाराच्या चौकटीवर लावायचा खडेवाला मेझुझा, हिब्रूत आशीर्वाद लिहिलेली भिंतीवरची पाटी! यातलं काय घेऊ? घरात सासूबाईंचा शुक्रवारचा काचेचा दिवा आहे. त्या गेल्यापासून तो मीच तयार करून लावते. नवरा कर्मठ नाही. शुक्रवारी संध्याकाळी स्टीलच्या पेल्यात मनुकांचं सरबत घेऊन तेवढं किद्दूश (शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विसाव्याच्या दिवसाच्या, सुरुवातीचा आशीर्वाद) म्हणतो आणि आम्ही जेवायला बसतो. नणंद इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिला विचारलं तर म्हणते, तुला आवडेल ते घे. मी हिंदू आहे, अशी वस्तू मी दिलेली चालेल ना? पंधरा-वीस हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे.
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : चालेल. अगदी निःशंक मनाने दे. भेट कोणी द्यावी याला आमच्यात आडकाठी नाही. जे काही नियम आहेत ते वस्तूला आहेत, आणि ते पाळणं काही अवघड नाही.

आता मुद्द्याचं. एवढ्या चकचकीत वस्तूंची यादी देता देता तू एक वस्तू सहज लिहून गेलीस : स्टीलचा पेला. मी तिथेच थांबले. तुझा नवरा कर्मठ नसेल, पण दर शुक्रवारी न चुकता तो पेला हातात घेतोय. नागपुरात राहून, प्रार्थनेला जायचं तर मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागते अशा गावात, एवढं एक त्याने धरून ठेवलंय. मग भेट त्या हातात येणारी असावी. त्याला किद्दूशसाठी चांदीचा पेला दे, आणि तयार घेऊ नकोस, इतवारीच्या सराफ्यात घडवून घे.

मी असं ठामपणे का सांगते? आमच्या धर्मात सजावटीला मान आहे, पण तिची जागा ठरलेली आहे. आमच्या धर्मग्रंथातल्या निर्गम या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात समुद्र पार केल्यावरचं गीत आहे, त्यात देवाला शोभवण्याची भाषा येते. तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या पंडितांनी विचारलं की माणूस देवाला कसा शोभवणार? आणि उत्तर दिलं की त्याची आज्ञा पाळताना सुंदर वस्तू वापरून. सुक्का (सणाचा मांडव) बांधायचा तर सुंदर बांधा, शोफार (फुंकायचं शिंग) घ्यायचा तर सुंदर घ्या, प्रार्थनेच्या शालीचे सिसीत म्हणजे गोंडे, तोराची म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, सगळं सुंदर असू द्या. म्हणजे नक्षी कुठे हवी, तर जी वस्तू वापरात आहे तिच्यावर. काचेच्या कपाटात ठेवलेल्या सेटला कोणी नावं ठेवणार नाही, पण त्याने शुक्रवारची संध्याकाळ सुंदर होत नाही. स्टीलच्या जागी चांदीचा पेला आला की ती होते.

पेला कसा असावा ते नीट सांगते, कारण सराफाला हे माहीत असायचं कारण नाही.

पहिलं माप. किद्दूशच्या पेल्यात ठरावीक प्रमाणात पेय मावलं पाहिजे. आज सर्वसाधारणपणे मानलं जाणारं किमान माप 86 मिलिलिटर आहे. काही कडक मताचे लोक 150 धरतात. शक्य असेल तर 150 मिलिलिटरचा करून घे, म्हणजे उद्या अश्दोदहून कोणी पाहुणा आला तरी प्रश्न नको. चांदीचा भाव रोज हलतो, तेव्हा पैशात विचार करू नकोस, आधी वजन ठरव. या मापाचा बरा पेला शंभर ग्रॅमच्या आतबाहेर जाईल. तुझ्या रकमेत बसत नसेल तर मोठा पण पत्र्यासारखा पातळ पेला घेण्यापेक्षा नव्वद-शंभर मिलिलिटरचा लहान आणि जाड घे. पातळ पेला बोटांच्या दाबाने चेमटतो, आणि काठ चिरलेला किंवा मोडका पेला किद्दूशला घेत नाहीत. दुकानात जाताना औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते मापाचं झाकण पर्समध्ये टाक आणि तिथेच पाणी ओतून मोजून घे. लाजू नकोस. पेला काठोकाठ भरायचा असतो, तेव्हा मापही काठापर्यंतच धर.

दुसरं धातू. हॉलमार्क बघ, 925 चा असला तरी उत्तम. जर्मन सिल्व्हर म्हणून जे मिळतं त्यात चांदीचा कणही नसतो, तांबं-निकेल-जस्ताचं ते मिश्रण. आणि तू पाहिलेला मुलाम्याचा सेट दर आठवड्याला घासून दोन-तीन वर्षांत पिवळा पडायला लागेल. पितळेचा पेला सुंदर दिसतो, आपल्या भंडाऱ्याचं पितळ तर नावाजलेलंच आहे, पण मनुकांचं सरबत आंबटसर असतं. पितळेला आतून कल्हई हवी आणि ती वेळोवेळी करून घ्यायला हवी. कल्हईवाला आता दारावर येत नाही. म्हणून चांदीच.

तिसरं नक्षी. ओठ लागतो तो काठ साधा ठेव, दोन बोटं तरी. सरबत चिकट असतं आणि कोरीवकामात जाऊन बसतं. नक्षी खाली, बैठकीजवळ. द्राक्षाचा वेल घाल, कारण आशीर्वाद द्राक्षाच्या फळाचाच असतो. मनुकांच्या सरबतावरही तोच म्हणतात. नाहीतर डाळिंबं घाल. मुख्य याजकाच्या झग्याच्या घेरावर डाळिंबं होती असं निर्गमात वर्णन आहे, म्हणून डाळिंब आमच्याकडे फार जुनं. आपल्या कारागिरांचा हात वेलबुट्टीवर बसलेला असतो, त्यांना हे सांगायला वेळ लागणार नाही. फक्त देवादिकांची आकृती नको, कलशावरचं स्वस्तिक नको. ते शुभ म्हणून कोणी प्रेमाने आपणहून घालून देईल, म्हणून आधीच सांगून ठेव.

चौथं अक्षरं, आणि इथे मात्र डोळ्यांत तेल घाल. पेल्यावर पूर्ण आशीर्वाद कोरून घेऊ नकोस. त्यात देवाचं नाव येतं, आणि देवाचं नाव असलेली वस्तू पुढे कधी मोडली तर वितळवायलाही चालत नाही. नवऱ्याचं नाव घाल. देवनागरीत घातलंस तर मला स्वतःला जास्त आवडेल. आम्ही शतकानुशतकं मराठीच बोलत आलो. मुंबईत 1846 साली पेसाहची हग्गादा (त्या सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) मराठी भाषांतरासह छापली गेली, तेव्हा प्रार्थनेच्या पुस्तकाला चाललेली मराठी पेल्याला का चालू नये? तरी हिब्रूच हवं असेल तर नणंदेकडून नाव लिहून मागव आणि कारागिराला ट्रेसिंगच दे, बघून काढायला सांगू नकोस. दालेत आणि रेश या हिब्रू अक्षरांत फरक असतो तो उजव्या खांद्यावरच्या एका टोकाचा. दालेतचा खांदा कोनासारखा बाहेर डोकावतो, रेशचा गोल वळतो. ‘हे’ आणि ‘हेत’ या अक्षरांत फरक डाव्या पायाच्या वरच्या फटीचा. बेत आणि काफ तर जुळेच, फरक उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याचा. हिब्रू न येणाऱ्या हाताने कोरताना हे टोक घासलं जातं किंवा ही फट बुजते, आणि अक्षरच बदलतं. ओळ उजवीकडून डावीकडे जाते हेही कागदावर बाण काढून दाखव. मशीनवर कोरताना अक्षरं उलटी लागल्याचं मी पाहिलंय.

पेला घरी आला की एक शेवटचं काम उरतं, ते नवऱ्यासाठी ठेव. यहुदी नसलेल्या कारागिराकडून घेतलेलं खाण्यापिण्याचं धातूचं भांडं वापरायच्या आधी मिकवेत (विधीच्या स्नानाच्या कुंडात) किंवा समुद्रात बुडवून घेतात. धर्मग्रंथातल्याच गणना या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायातून हा नियम निघतो. समुद्र यासाठी पूर्ण चालतो. तेव्हा वाढदिवसाला पेला हातात दे आणि पुढच्या सुट्टीत दोघं अलिबागला जा. आपल्या माणसांच्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने आशीर्वाद म्हणून तो पेला बुडवावा. पेल्यावर किमतीचं लेबल किंवा त्याचा डिंक राहिलेला नसावा, पाणी सगळीकडून लागलं पाहिजे. परतताना सागावजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, ठिकाणी जाऊन या. तिथल्या खडकावरच्या खुणांना आमचे लोक नबीच्या रथाच्या घोड्याच्या टापा म्हणतात. नवस फेडायला इस्रायलहून माणसं येतात. अजनीला वाढलेल्या मुलाने ते ठिकाण पाहिलं नसेल तर तीही भेटच होईल.

आता बाकीच्या वस्तूंबद्दल, म्हणजे मनात हुरहूर राहायला नको.

सात फांद्यांची समई ही यरुशलेमच्या मंदिरातल्या दीपवृक्षाची आठवण. ती सोन्याची होती. रोमन लोकांनी लुटून नेली आणि रोममधल्या टायटसच्या कमानीवर ते दृश्य कोरलेलं आजही आहे. 1949 मध्ये इस्रायलने आपल्या राजमुद्रेत तीच घेतली. पण घरातल्या कुठल्याही विधीत ती लागत नाही. उलट मंदिरातल्यासारखी सात दिव्यांची समई घरासाठी करू नये असं तालमूदात आहे. तेव्हा ती सोड. घरात लागते ती हनुक्का या दिव्यांच्या सणाची, आठ दिवे अधिक एक सेवक दिवा अशी. ती कधी घेशील तर दोन गोष्टी पाहा. आठही दिवे एका पातळीत आणि सुटे सुटे असावेत, आणि नववा वर किंवा बाजूला, वेगळा कळणारा. मेणबत्तीच्या खोबणीची घेऊ नकोस. आपल्याकडच्या साध्या मेणबत्त्या त्यात बसत नाहीत आणि दरवर्षी सुरीने बुंधे तासत बसावं लागतं. तेलाच्या वाट्यांची घे. आमच्या आज्या खोबरेल तेलावरच हनुक्का करत.

मेझुझ्याचं वेगळं आहे. तू पाहिलास तो खडेवाला मेझुझा म्हणजे नुसती डबी. खरा मेझुझा आतला. चामड्याच्या पातळ पत्रावर सोफेरने, म्हणजे धर्मलेखनिकाने, हाताने लिहिलेले अनुवाद या धर्मग्रंथातल्या पुस्तकाचे दोन उतारे, 22 ओळी, 713 अक्षरं. त्यातलं एक अक्षर जरी चुकलं किंवा तुटलं तरी तो चालत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत छापील कागद असतो. त्याला काहीही अर्थ नाही, डबी कितीही देखणी असो. म्हणून मेझुझा द्यायचाच तर पैसे पत्रावर घाल आणि डबी साधी घे. नणंदेला सांग, तपासलेल्या प्रमाणपत्रासह पत्र आण. लांबी आधी विचार, 7, 10, 12 सेंटिमीटर अशी मिळतात, आणि डबी त्याहून थोडी लांब हवी. पत्र घडी घालायचं नसतं, शेवटाकडून सुरुवातीकडे गुंडाळायचं. लावायचा तो आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी, आणि आशीर्वाद म्हणून नवऱ्यानेच लावायचा.

घरात सासूबाईंच्या वेळचा मेझुझा असेलच. तो आधी उघडून तपासून घ्या. सात वर्षांत दोनदा तपासायची रीत आहे, आणि नागपूरच्या उन्हात तर मी म्हणेन की तिची फारच गरज आहे. पश्चिमेच्या दारावर मे महिन्यात धातूच्या डबीला हात लावून बघ. आत शाई सुकून तडकते, मग जूनमध्ये ओल धरते. अशा दाराला लाकडी डबी बरी, आणि पत्राला पातळ प्लास्टिकचं वेष्टन.

भिंतीवरची पाटी नको. एक तर हिब्रू बरोबर आहे की नाही हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. दुसरं, प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या ज्या पाट्या विकायला येतात त्यावर बहुतेक पूर्व लिहिलेलं असतं. ती युरोप-अमेरिकेतल्या घरांची सोय. नागपूरहून यरुशलेम पश्चिमेला आहे. भिंतीवर काही लावायचंच असेल तर रथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहू हन्नाबीचं चित्र लाव. आपल्या कोकणातल्या घराघरांत ते होतं.

आणि सासूबाईंचा दिवा. त्याच्या जागी मेणबत्त्यांची चांदीची जोडी वगैरे आणायचा विचारही करू नकोस. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि त्यात वात, हा आमचा शब्बाथचा दिवा. तो तू लावतेस हे वाचून मला फार बरं वाटलं. काच तडकली असेल तर तेवढी बदल. पूजेतली समई किंवा निरांजन मात्र त्या कामाला घेऊ नकोस, दोन्हींचा मान राखायचा तर दोन्ही वेगळी हवीत. एक गोष्ट सांगून ठेवते, कारण नागपुरातली पुष्कळ घरं यात फसतात. दिवा सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावतात, आणि मुंबईहून येणाऱ्या दिनदर्शिकेत वेळ असते ती मुंबईची. आपल्याकडे सूर्य वीस ते तीस मिनिटं आधी मावळतो. मुंबईच्या वेळेने लावलास तर शब्बाथ लागून गेलेला असतो. नागपूरचा सूर्यास्त पाहून लाव.

पेल्यातून पैसे उरलेच तर भाकरी झाकायला एक रुमाल शिवून घे. शब्बाथला दोन भाकऱ्या किंवा पाव ठेवतात, आणि किद्दूश होईपर्यंत त्या झाकलेल्या असतात. आपल्या भागातल्या टसरचा दीड हात तुकडा, खाली मऊ सुती अस्तर. चांदी आणि टसर शेजारी ठेवून बघ.

प्रश्न : माझ्या यजमानांच्या तालीतची (प्रार्थनेच्या शालीची) मखमली पिशवी पार विरली आहे. लग्नाच्या वाढदिवसाला नवी द्यायची आहे. इस्रायलहून सोनेरी भरतकामाची मागवू की इथे शिवून घेऊ?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : इथे शिवून घ्या. मखमल नागपूरच्या हवेत टिकत नाही. धूळ धरते, पावसाळ्यात वास मारते, आणि घडीच्या जागी तिचा केसाळपणा झडतो, तो तुम्ही पाहतच आहात. करवती किनारीचं टसर घ्या. त्या किनारीचं विणकाम तुम्ही जवळून बघितलं नसेल तर जरूर बघा. अंग आणि किनार वेगवेगळ्या धोट्यांनी विणतात आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे धागे हाताने एकमेकांत अडकवतात, म्हणून ते दाते दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. पिशवीच्या तोंडाला ती किनार आडवी घ्या, म्हणजे वेगळं भरतकाम लागणारच नाही. हवंच असेल तर एका कोपऱ्यात यजमानांच्या नावाचं आद्याक्षर.

माप साधारण पस्तीस बाय तीस सेंटिमीटर, पण तालीत घडी करून प्रत्यक्ष मोजा, लोकरीचा जाड असतो. अस्तर सुती आणि फिक्या रंगाचं, कारण गडद अस्तराचा रंग घामाने पांढऱ्या तालीतला लागतो. चेन मोठ्या दात्यांची नको. चारही कोपऱ्यांचे गोंडे तिच्यात अडकतात. नाडी किंवा बटणाची पट्टी लावा. या निमित्ताने गोंडेही मोजून घ्या : प्रत्येक कोपऱ्यात आठ दोरे आणि पाच गाठी. एखादा दोरा गाठीपासून तुटला असेल तर पिशवीपेक्षा त्याची तातडी जास्त, मुंबईत जाणत्या माणसाला दाखवा.

कापड नवं घ्या, जुन्या टसर साडीचं सोवळं असेल तर ते नको. जुनी पिशवी कचऱ्यात टाकू नका. प्रार्थनेची वस्तू होती ती. कापडात गुंडाळून जपून ठेवा आणि कोणी मुंबईला जाईल तेव्हा जुन्या पुस्तकांबरोबर मशिदीत द्या. (इतर वाचकांसाठी : सिनेगॉगला आमचे जुने लोक मशीदच म्हणतात. मुंबईच्या मशीद बंदराच्या नावामागे 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं आमचं शार हारहमीम हे सिनेगॉग आहे.)

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर एक ज्यू जोडपं राहायला आलंय. त्यांच्याकडे रविवारी मलिदा आहे आणि आम्हाला बोलावलंय. घरातल्या पुरुषांसाठी काहीतरी धार्मिक वस्तू न्यावी म्हणून मी चांदणीची पितळी समई पाहून ठेवली आहे. नेऊ का?
— एक वाचक, बजाजनगर, नागपूर

उत्तर : नका नेऊ. सहा टोकांची चांदणी असली म्हणजे वस्तू ज्यूंचीच, असं नसतं. तो षट्कोन आपल्याकडच्या यंत्रांतही आहे आणि दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यावरही. पूजेच्या समईवर तो पाहून कोणी विकत घेतली तर घेणाऱ्यांची अडचण होते, त्यांना ती लावताही येत नाही आणि ठेवूनही देता येत नाही. धार्मिक वस्तू घरच्यांनी घरच्यांना द्यावी. शेजाऱ्याने मलिद्याला फळं न्यावीत.

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ आणि सुकामेवा यांचं तबक, भोवती फळं. एलियाहू हन्नाबीच्या नावाने करतात, लग्न, गृहप्रवेश, नवस फेडणं अशा वेळी. प्रत्येक प्रकारच्या फळावर आशीर्वाद म्हणतात, म्हणून फळं अख्खी आणि निवडक हवीत, कापलेली नकोत. खजूर चालतील, केळी चालतील, डाळिंब तर फारच छान. संत्र्याची बर्फी नेण्याचा मोह नागपूरकराला होतोच, पण त्या दिवशी जेवणात मटण असेल तर दुधाचा पदार्थ त्यासोबत कोणी खाणार नाही आणि तुमचा डबा तसाच राहील. बर्फीऐवजी संत्रीच न्या. देठाला पान असलेली मिळाली तर ती घ्या, तबकात छान दिसतात, आणि समारंभ सुरू व्हायच्या आधी नेऊन द्या, म्हणजे त्यांना ती धुऊन मांडायला वेळ मिळेल.